शेवटचा रिपोर्ट



प्रत्येकाने आपल्या कामाविषयी दोन मिनिटं बोलायचं ठरलंय. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण आज माझ्या एका चुकीविषयी बोलते.

मे 2020 मध्ये वुहानच्या 485 कोविड रुग्णांवरचा एक शोधनिबंध आला. संगणकाने रक्ताच्या तपासण्यांतून तीनच आकडे निवडले होते: एलडीएच, सीआरपी आणि लिम्फोसाइट पेशींचं प्रमाण. रुग्ण वाचेल की नाही हे दहा दिवस आधी, नव्वद टक्क्यांहून अधिक अचूक सांगता येतं, असा दावा होता. आमच्या धंद्यातल्या लोकांना असलं काही फार आवडतं.

एप्रिल 2021 मध्ये बाबा आजारी पडले. मी पुण्यात, ते गावी. पहिला रिपोर्ट फोनवर आला. मी आकडे ताडून पाहिले आणि भावाला म्हटलं, "घाबरू नकोस, घरीच ठेव." डॉक्टरकाकांनी मात्र बाबांना सहा मिनिटं चालवलं. ऑक्सिजन 95 वरून 89 वर आला. त्याच रात्री दाखल केलं.

तो निबंध मी नीट वाचला तो नंतर. ते मॉडेल प्रत्येक रुग्णाच्या शेवटच्या नमुन्यावर शिकलं होतं, म्हणजे निकाल जवळजवळ लागल्यावरच्या. नेदरलँड्स आणि न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ते आपल्या रुग्णांवर लावून पाहिलं, तिथे ते तेवढं चाललं नाही. बाई, उत्तर आधी बघून पायऱ्या लिहिल्या की तुम्ही लगेच ओळखायचात. मला मात्र ओळखता आलं नाही.

भावाने हे कधी बोलून दाखवलं नाही. बाबा आज मागच्या रांगेत बसलेत. त्यांना हे आत्ताच कळतंय.