लेथ भंगारात देण्यापूर्वी

वालचंदनगरमुळे इंदापूर-बारामती भागाला यंत्रकाम नवे नाही. घरामागच्या शेडमधल्या जुन्या लेथवर शाफ्ट एका टोकाला जाड निघू लागला, की ‘बेड झिजला, भंगारात द्या’ असा सल्ला मिळतो. मी आधी एक चाचणी घेतो.

चकात जाड सळई पकडावी. टेलस्टॉकचा आधार नको. सुमारे १०० मिलिमीटर अंतरावर दोन पट्टे ठेवून मधला भाग उतरवावा. टूल न हलवता दोन्ही पट्ट्यांवर हलका कट घ्यावा, मायक्रोमीटरने मोजावे. बाहेरचा पट्टा जाड असेल, तर टेलस्टॉककडचा आपल्या बाजूचा पाय बोल्टने किंचित उचलावा. बारीक असेल, तर उतरवावा. पुष्कळदा असमान फरशीमुळे बेडला नुसता पीळ पडलेला असतो. तरीही फरक राहिला, तरच हेडस्टॉक आणि झीज तपासावी. बोल्ट फिरवायला पैसे पडत नाहीत; बेड ग्राइंडिंगला पडतात.