मिलिमीटर नको, चौकाचं नाव सांगा

नायगावकर मंडळी, ‘किनारपट्टीचा महापूर आणि शासन’ हा फलक वाचून इथं समुद्र कुठून आणायचा, असं कुणीतरी विचारणारच. (हशा) आणायची गरज नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात, हसनाळ-रावणगावात रात्रीतून पाणी शिरलं आणि सैन्य बोलवावं लागलं. तो तपशील या सभागृहाला पाठ आहे. किल्लारीचंही तसंच. मात्र एवढं लक्षात असावं, की १९९३ च्या त्या भूकंपानंतरच महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती आराखडे झाले. कोकणात आज जी यंत्रणा धावते, तिचा पाया मराठवाड्याच्या दुःखातून घातला गेला.

आराखडे झाले. मग अडतं कुठं?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७४. शहरासाठी एकच आकडा सांगणं किती निरुपयोगी, हे त्या दिवशी कळलं. नंतर माधवराव चितळे यांच्या समितीने मिठी नदीपासून गटारांपर्यंत सगळं तपासलं. ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने आखलेल्या वाहिन्या बदलायला हव्यात, हे सरकारदरबारी नोंदलं गेलं.

आता चिपळूण. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीला पूर, वरून कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी, खाली दाभोळच्या खाडीत भरती. अतिवृष्टीचा इशारा आधीच होता. तरीही एसटी आगारात पाणी चढलं, गाड्या जागीच बुडाल्या आणि आगारातली माणसं एका बसच्या टपावर चढली. सोबत सुमारे नऊ लाखांची रोकड. पैसे वाहून गेले तर जबाब कोण देणार, ही धास्ती. भर पावसात, चहूबाजूंनी पाणी, आणि ती माणसं सरकारी पैसा सांभाळत जवळपास नऊ तास टपावर बसून होती! (टाळ्या) टाळ्या त्यांना जरूर द्या. पण ही रोकड उचलायला आणि गाड्या उंचावर न्यायला दोन-तीन तास पुरले असते. ‘अतिवृष्टीची शक्यता’ या शब्दांनी ते तास मिळत नाहीत. ‘मध्यरात्रीनंतर चिंचनाक्यावर छातीभर पाणी येईल, बाजारपेठेतला माल वर न्या’ असं कुणी सांगितलं, तर दुकानदार रात्रीच उठतो.

समोर महसूलची मंडळी बसली आहेत, चेहरे जरा गंभीर झाले. रोख त्यांच्यावर नाही. तलाठ्याच्या हाती ना बोट, ना भोंगा वाजवायचा अधिकार. राज्याच्या आपत्ती दलाच्या तुकड्या धुळे-नागपूरला, केंद्राची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला, आणि घाटरस्ते बंद. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. अशा वेळी पहिले काही तास गावाचेच असतात.

अशक्य आहे का? ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार बळी गेले. २०१३ च्या फायलीनमध्ये दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले. बळी शंभराच्या आत राहिले. निवारे, गावोगावचे स्वयंसेवक आणि घरापर्यंत पोहोचणारा निरोप, यांची ती कमाई.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. वाशिष्ठीच्या गाळासाठी चिपळूणकरांनी केलेलं उपोषण, पूररेषांचा वाद, दोन्ही बाजूला ठेवू. तालुक्यापुरतं बोलू. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की ‘इतके क्युसेक’ असा संदेश येतो. गोदाकाठच्या राहेरमधल्या माणसाने त्यावरून काय ओळखायचं? इतक्या क्युसेकला पाणी कुठल्या पायरीवर येतं, ते देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवा. खर्च एका डब्याचा. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा ठराव घ्या; रात्री फोन कोण उचलणार, त्याचं नावही त्यातच लिहा. प्रश्न असतील त्यांनी चिठ्ठ्या पुढे पाठवाव्यात.