दाराशी पालकच हवा



जळगावच्या चित्रपटगृहात 'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट लागला, तर अठरा वर्षांखालील मुलास प्रवेश नाकारणे चालकावर बंधनकारक आहे. आईवडील सोबत असले, तरीही. तोच चित्रपट धुळ्यातील एखाद्या घरात मोबाइलवर उघडला, तर मुलाला अडविणार कोण?

कायद्याने याचे उत्तर दिले आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी 'यू/ए १३+' व त्यावरील चित्रपट-मालिकांसाठी पालकांच्या हाती कुलूप दिले. 'ए' वर्गासाठी वयाची खात्रीही सक्तीची केली. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' चे ७+, १३+ आणि १६+ असे गट पाडले आणि हेही स्पष्ट केले की, या गटांची अंमलबजावणी पालकांखेरीज अन्य कोणी करावयाची नाही. शासन पाटी लावते. दाराशी उभे राहण्याचे काम घरच्यांचे!

मात्र कुलपाचा संकेतांक मुलालाच ठाऊक असेल, अथवा वडीलच ती मालिका त्याच्यादेखत पाहत असतील, तर त्या कुलपाचा उपयोग काय? अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या न रागावता स्वतः आवरीत. ते पाहून मुले ओशाळली आणि आपली खोली आपणच आवरू लागली. उपदेशाने जे साधले नसते, ते आचरणाने साधले.

खानदेशातील प्रत्येक घराने मुलासाठी वेगळे प्रोफाइल उघडावे, संकेतांक स्वतःजवळ ठेवावा आणि मुलांसमोर वडीलधाऱ्यांनीही तीच मर्यादा पाळावी. सरकारला जाब विचारण्याचा अधिकार त्यानंतरचा.