सॅक्सोफोन आणि आपला षड्ज



पत्रिकेवर 'जॅझ' हा शब्द वाचून कित्येकांनी नाके मुरडली असतील. त्यांचाही बोल आम्ही लावून घेत नाही. सॅक्सोफोन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो वरातीतला बँड. बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसला या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण तोंडाशी वेताची पात. म्हणजे तुतारीपेक्षा सनईशीच याचे नाते अधिक जवळचे.

आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ते ब्राझ गोन्साल्विस गोव्यातल्या नेवरे गावचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. ती विद्या घेऊन गोवेकर मुंबईस आले आणि हॉटेलांत, चित्रपटांत वाजवू लागले. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा १९५१ चा 'अलबेला' आठवा. त्या संगीताला जी लज्जत आली, तिच्यात अल्दोनचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा केवढा वाटा! गीत कोणी गायिले हे आपण पोरासोरांना सांगतो. वाजविले कोणी, हे विचारीतसुद्धा नाही. ब्राझ हे याच चिक चॉकलेट यांचे जावई.

ब्राझ यांनी प्रथम आत्मसात केली ती चार्ली पार्करची 'बीबॉप' पद्धत. ही म्हणजे मोठी अवघड कसरत. साथीला स्वरांचे जुडगे वाजतात, क्षणोक्षणी बदलतात, आणि वादकाने प्रत्येक जुडग्याशी इमान राखून तिथल्या तिथे नवी तान रचायची. पायाखालची जमीन दर दोन मात्रांनी हलावी आणि तरीही तोल सुटू नये, असा हा प्रकार. उलट आपल्या रागात षड्ज अढळ. जमीन हलत नाही, तिच्यावर इमला चढत जातो. मग जॅझवाल्याने राग वाजवायचा कसा? जुडगे ठेवावे तर रागाची मूर्ती भंगते, काढून टाकावे तर जॅझ उरत नाही. शिवाय सॅक्सोफोनला चाव्या. मींड काढायची तर ओठांच्या दाबाने स्वर वाकवावा लागतो.

हा प्रश्न एकट्या ब्राझ यांचा नव्हता. अमेरिकेत जॉन कोल्ट्रेनही याच वाटेला लागला होता. त्याने १९६१ साली 'इंडिया' नावाची रचना वाजविली आणि रविशंकरांवरील भक्तीमुळे मुलाचे नाव रवी ठेविले. तो इकडे येऊ पाहत होता. ब्राझ तर इथलेच. पण घरच्या माणसाला घरात शिरणे सोपे असते असे थोडेच आहे? चर्चमधल्या शिक्षणात राग नव्हता, आणि गायकांच्या बैठकीत सॅक्सोफोनला पाट मांडणार कोण!

१९७० साली त्यांच्या सातजणांच्या मेळ्याची 'रागा रॉक' ही ध्वनिमुद्रिका निघाली. कलकत्त्याला पार्क स्ट्रीटवरच्या 'ब्लू फॉक्स'मध्ये ते लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्यासह वाजवीत. तिथली मंडळी जेवायला आलेली; काटेचमच्यांच्या खणखणाटात असली साधना चालवायची म्हणजे काय, हे आमच्या तमाशा-थिएटरांतल्या वादकांना विचारा. १९७८ साली मुंबईत 'जॅझ यात्रा' सुरू झाली आणि या लोकांना ऐकायलाच आलेला श्रोता मिळाला. पुढे बँक्स आणि ब्राझ यांनी कर्नाटक संगीताच्या गायिका रामामणी यांना बरोबर घेतले. हे पाऊल आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. राग पुस्तकातून उचलण्याऐवजी तो गळ्यात असलेल्या माणसाशेजारी उभे राहून वाजविणे, यात प्रामाणिकपणा आहे. रागाची नुसती सरगम घेऊन तिच्यावर ढोल बडविणारे मिश्रण आम्ही पुष्कळ ऐकले आहे. त्याची भलामण आम्ही करणार नाही.

ब्राझ यांचे सगळेच प्रयोग साधले असे नाही. काही ठिकाणी राग आणि जॅझ एका पाटावर बसतात, पण बोलत नाहीत. जिथे बोलतात तिथे मात्र हे वाद्य वरातीतले राहत नाही. आता आम्ही थांबतो आणि तबकडी लावतो. साथीकडे लक्ष न देता सुरुवातीला फक्त षड्ज कुठे आहे तेवढा धरून ठेवावा.