दर महिन्याचा हयातीचा दाखला

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



'ज्येष्ठांनी माणसांत कसं राहावं' या विषयावर दहा मिनिटं बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं. मी म्हटलं, वाइन क्लबबद्दल बोलतो. ते जरा दचकले. म्हणाले, "काका, स्मरणिकेत छापायचंय हो, सांभाळून." म्हणून आधीच सांगून टाकतो. मी वाइनचा प्रचार करायला उभा नाही. दारूपायी माझ्या चुलत्यांचा संसार मोडताना मी लहानपणी पाहिला आहे. आमच्या घरात बाटली कधी आली नाही. तरीही मला जे सांगायचं आहे ते वाइनच्या बाटलीपासूनच सुरू होतं, त्याला माझा इलाज नाही.

चार वर्षांपूर्वी आमची ही गेली. पहिले तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागले, लागायलाच हवं. मी पेपर वाचायचो, टीव्ही बघायचो, डबा यायचा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायची वेळ आली. आता त्यासाठी बँकेत जावं लागत नाही. २०१४ साली सरकारने 'जीवन प्रमाण' सुरू केलं, आता मोबाइलसमोर चेहरा धरला की काम होतं. शेजारच्या मुलाने मोबाइल धरला आणि म्हणाला, "काका, झालं." मी "बरं" म्हणायला गेलो, तर घशातून आवाजच फुटेना. आठवून पाहिलं, तर तीन दिवसांत मी कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो. मी जिवंत आहे हे बँकेला कळलं होतं. बाकी कोणाला कळवायचं राहून गेलं होतं.

लेकीला हे फोनवर समजलं. ती इंग्लंडला असते. तिने तिकीट काढून मला तिकडे नेलं. पण तिथेही ती आणि जावईबापू दिवसभर कामावर, नातू शाळेत. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "बाबा, आमच्या शेजारच्या आजी एका मंडळात जातात. तुम्हाला पाहुणा म्हणून बोलावलंय. जाऊन तर बघा."

त्या मंडळाची थोडी माहिती देतो. 'युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज' असं त्याचं भारदस्त नाव आहे. पहिलं वय शिकण्याचं, दुसरं नोकरी-संसाराचं आणि तिसरं त्यानंतरचं, असा हिशेब. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझ शहरात त्याची सुरुवात झाली. तिथे ते खऱ्या विद्यापीठाला जोडलेलं होतं. १९८२ च्या सुमारास ही कल्पना ब्रिटनमध्ये आली, तेव्हा त्यांनी प्राध्यापकच काढून टाकले. ज्याला जे येतं ते त्याने इतरांना शिकवायचं. परीक्षा नाही, पदवी नाही. कोणी इतिहासाचा गट चालवतं, कोणी चालण्याचा, कोणी चित्रकलेचा. वाइन चाखण्याचे गटही तिथे बरेच आहेत. त्यातल्याच एका गटात मी गेलो.

एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी बारा जण जमले होते. सगळे सत्तरीच्या आसपासचे, दोघे नव्वदीला टेकलेले. मला वाटलं होतं, आता गुत्ता बघायला मिळणार! प्रत्यक्षात तीनच बाटल्या, त्याही कागदी पिशवीत गुंडाळलेल्या, म्हणजे नाव आणि किंमत दिसू नये. प्रत्येकाच्या पेल्यात जेमतेम पन्नास मिलिलिटर. बँकवाल्याची खोड, मी मनातल्या मनात भागाकार केला. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून पंधरा वाटे निघतात. मधोमध पिकदाणीसारखं एक भांडं. वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि नको असेल तर त्यात टाकून द्यायचा. याला तिकडे कोणी हसत नाही, जाणकार तसंच करतात. मी रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. डॉक्टरांनी 'न घेतलेली बरी' असं सांगितलेलं, त्यामुळे मला ते भांडं फार सोयीचं पडलं.

मग प्रत्येकाने मत द्यायचं. एकाला लिंबाचा वास आला, दुसऱ्याला ओल्या गवताचा. नव्वदीचे आजोबा म्हणाले, "मला फक्त आंबट लागली." शेवटी पिशव्या काढल्या, तर सगळ्यांत जास्त मतं सगळ्यांत स्वस्त बाटलीला! हसून हसून पुरेवाट झाली. खर्च बारा जणांत वाटला. पुढच्या महिन्यात कोणाकडे, ते आधीच ठरलेलं होतं. त्या दिवशी एक गृहस्थ आले नव्हते. पहिला पेला भरायच्या आधी नर्सबाईंनी त्यांना फोन लावला. सर्दी झाली होती, एवढंच. पण फोन केल्याशिवाय त्या बसल्या नाहीत.

मी नाशिकचा आहे हे कळल्यावर त्यांनी मला पुढच्या वेळी बोलायला सांगितलं. लेकीने तिथल्याच दुकानातून नाशिकच्या शेनिन ब्लांची बाटली आणली. आता गंमत बघा. निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी या पट्ट्यात मी किती वर्षं द्राक्षबागांना कर्जं दिली. गारपीट झाली की शेतकऱ्याच्या आधी माझ्या पोटात गोळा यायचा. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, नाशिकभोवती वायनरी उभ्या राहिल्या. त्याआधीच नारायणगावला वाइन तयार होत होती. हे सगळं मला तोंडपाठ, पण वाइनचा थेंब कधी जिभेवर ठेवला नव्हता.

मी त्यांना आपली छाटणी समजावून सांगितली. युरोपात थंडीत वेल झोपी जाते, पानं गळतात, म्हणून छाटणी वर्षातून एकदाच. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. छाटण्या दोन आणि पीक एक. त्यांच्याकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची जानेवारी ते मार्च. खायचं द्राक्ष वेगळं आणि वाइनचं वेगळं. वाइनचं लहान, जाड सालीचं, बियांचं. दहा मिनिटं बोलायचं होतं, पाऊण तास बोललो. प्रश्नांवर प्रश्न. निवृत्त झाल्यापासून, "तुम्हाला काय वाटतं?" असं मला कोणी इतक्या वेळा विचारलं नव्हतं. घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आवाज बसला की तुमचा!" या वेळी बोलून बोलून बसला होता.

परतीच्या विमानात विचार करत होतो की यात नवीन काय आहे. आपल्या बायकांची भिशी दुसरं काय असते? ठरलेली तारीख, ठरलेली पाळी, वाटून खर्च, खाणं आणि गप्पा. बँकेत असताना आम्ही भिशीला नावं ठेवायचो, व्याज नाही, पावती नाही. पण एखादी बाई भिशीला आली नाही, तर बाकीच्या तिच्या दारात हजर होतात. आम्हा पुरुषांना मात्र ऑफिस सुटलं की कुठली पाळीच उरत नाही. आपण आलो काय, न आलो काय, कोणाचं अडत नाही.

इकडे आल्यावर आठ जणांनी मिळून चाखण्याचा गट सुरू केला. पाच पुरुष, तीन वहिनी. वाइन नाही. पहिल्या महिन्यात चार प्रकारचे चहा, नंतर तांदूळ. आंबेमोहोर, इंद्रायणी आणि कोलम यांचा नुसता भात, नावं झाकून. तिघांना आंबेमोहोर ओळखता आला नाही, त्यात मीही होतो. मे महिन्यात हापूस, पायरी आणि केसर. माणशी दीडशे रुपये, हिशेब माझ्याकडे. सगळं गोडगोड झालं असं नाही. दोघे मधेच सोडून गेले. एकदा आंब्याच्या खर्चावरून खडाजंगी झाली.

सी विंगमधले आमचे एक नाना तिसऱ्या महिन्यापासून येईनासे झाले. फोन उचलेनात. पूर्वी असतं तर म्हटलं असतं, नसेल यायचं. पण पुढची पाळी त्यांची होती. आम्ही तिघे जाऊन उभे राहिलो. बेल वाजवली, दार ठोठावलं, शेवटी त्यांच्या सूनबाई आल्या तेव्हा दार उघडलं. नाना आत खुर्चीत बसलेले. त्यांना बेल ऐकूच आली नव्हती. मग हळूच म्हणाले, "तुम्ही सगळे एकदम बोलता, मला काही कळत नाही. प्रत्येक वेळी 'काय? काय?' किती विचारू? लाज वाटते." शेजारी राहून आम्हाला कोणाला ते कळलं नव्हतं. आता नानांनी कानाचं यंत्र घेतलंय आणि आम्ही नियम केलाय की एका वेळी एकानेच बोलायचं. कमिटीच्या सभेतही हा नियम लावायला हरकत नाही!

आता वाइनचं. गटातल्या काहींचा आग्रह आहे की, नाशिकला राहून वाइन का नको? माझं मत स्पष्ट सांगतो. दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. आपल्यापैकी कोणी झोपेच्या गोळ्या घेतं, कोणी मधुमेहाच्या, कोणी रक्त पातळ करण्याच्या. त्यांच्याबरोबर दारू घेणं धोक्याचं ठरू शकतं. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं. ज्याला घ्यायची त्याला मी कमी लेखत नाही आणि ज्याला नको त्याला कोणी आग्रह करू नये. येत्या फेब्रुवारीत तोडणी बघायला एखाद्या द्राक्षमळ्यात जाऊ. ज्याला चाखायची त्याने चाखावी, बाकीच्यांसाठी द्राक्षाचा रस आहेच. मला इंग्लंडहून आणायचा होता तो नर्सबाईंचा फोन, पेला त्यांचा त्यांनाच लखलाभ.

आपल्या सोसायटीत एकटे राहणारे किती ज्येष्ठ आहेत, ते सेक्रेटरींनी मोजावं. आठ-आठ जणांचे गट करावेत. विषय कोणताही घ्या, पत्ते, जुनी गाणी, लोणची. फक्त पाळी लावा. पहिल्या गटाची पुढची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्याकडे आहे. विषय आहे कॉफी. दोन जागा रिकाम्या आहेत.

नोव्हेंबरात बँकेला दाखला देऊच. पण दर महिन्याला एकमेकांनाही देत जाऊ.