पाणी पिणारें मांजर

उन्हाळ्याच्या दिवसांत घरचें म्हातारें मांजर न्हाणीघरांतल्या बादलीवर पुढचे पाय टेकून लपलप पाणी पितांना दिसलें, म्हणजे मंडळींस कौतुक वाटतें. "उकाडा मुक्या जनावरालाही सोसवत नाहीं हो," असें आजी म्हणतात, आणि बादलीशेजारीं एक वाडगाही भरून ठेवतात. दयेचें हें कृत्य योग्यच आहे. परंतु जें मांजर दहा वर्षें पाण्याच्या वाटीकडे ढुंकूनही पाहत नव्हतें, तें अकराव्या वर्षीं वारंवार पाणी पिऊं लागलें, तर त्याचें कारण केवळ ऋतुमानांत शोधून भागत नाहीं.

मांजर हा मुळांत रुक्ष प्रदेशांतला प्राणी. आजच्या घरगुती मांजराचे पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजरें होत. शिकारीच्या मांसांतील ओलाव्यावर भागवावयाचें, म्हणून निसर्गानें या जातीला पाणी राखून ठेवणारीं मूत्रपिंडें दिलीं. पाण्याचें घनत्व १ धरलें, तर निरोगी मांजराच्या लघवीचें घनत्व सामान्यतः १.०३५ च्या वर असतें. मूत्रपिंडें खंगूं लागलीं, कीं बहुधा ही काटकसर आधीं सुटते. लघवी पातळ व पुष्कळ होऊं लागते, आणि गेलेलें पाणी भरून काढण्यासाठीं मांजर पाणी पितें. पाणी फार प्यायल्यानें लघवी फार होते, असा समज करून घेऊन कित्येक ठिकाणीं वाटी उचलून ठेवतात. याहून घातक उपाय दुसरा नाहीं.

हा विकार इतका उशिरां कां उमगतो, हें पाहण्यासारखें आहे. मांजराच्या प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दोन लाख सूक्ष्म गाळण्या असतात. शंभर कारकुनांच्या कचेरींतून पन्नास जण निघून गेले, तरी उरलेले पन्नास रात्रीं जागून टपाल वेळेवर धाडतात आणि बाहेरच्यास कांहीं कळत नाहीं. तसाच हा प्रकार आहे. सामान्यतः सुमारें दोन-तृतीयांश गाळण्या निकामी झाल्या, म्हणजे लघवीचें घनत्व उतरतें, आणि रक्तांतील क्रिएटिनिन वाढलेलें दिसेपर्यंत तर तीन-चतुर्थांश कार्यशक्ति नाहींशी झालेली असते. गेलेली गाळणी पुन्हां उत्पन्न होत नाहीं. शिवाय क्रिएटिनिन हें स्नायूंपासून तयार होणारें द्रव्य असल्यामुळें, वाळून गेलेल्या म्हाताऱ्या मांजराच्या रक्तांत तें मुळांतच कमी सांपडतें व आंकडा खोटा दिलासा देतो. २०१५ सालापासून एसडीएमए नांवाच्या द्रव्याची रक्ततपासणी पशुवैद्यांस उपलब्ध झाली. तिच्यावर स्नायूंच्या झिजेचा परिणाम होत नाहीं, आणि सरासरीनें चाळीस टक्के कार्यशक्ति गेली असतांच ती इशारा देऊं शकते. तरीही एकाच आंकड्यावर निदान ठरवूं नये. अंगांतलें पाणी आटलेल्या निरोगी मांजराचेंही क्रिएटिनिन चढतें. म्हणून रक्त व लघवी यांची एकाच दिवशीं तपासणी आणि कांहीं आठवड्यांनीं तिची पुनरावृत्ति, हाच शहाणपणाचा मार्ग होय. तहान मधुमेहानें व गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या विकारानेंही वाढते. त्यांतून हा दुसरा विकार मूत्रपिंडाचा रोग झांकून टाकतो, इतका कीं थायरॉइडवर औषध सुरू झाल्यावरच मूत्रपिंडाचें दुखणें उघडें पडतें.

प्रयोगशाळेच्या आधींचें पुष्कळ काम मात्र घरींच होण्यासारखें आहे. सकाळीं वाडग्यांत मोजून पाणी घालावें व दुसऱ्या सकाळीं उरलेलें मोजावें. मांजराच्या आवांक्याबाहेर तसाच दुसरा वाडगा ठेवला, म्हणजे वाफेनें किती गेलें तेंही समजतें. चार किलो वजनाचें मांजर रोज २०० मिलिलिटरहून अधिक पाणी पीत राहिलें, तर पशुवैद्यास दाखवावें. मात्र मांजर नळाखालीं, कुंडीच्या ताटलींत, कोठेंही तोंड घालतें, हें या हिशेबांत विसरूं नये. मातीचें तसराळें वापरणाऱ्या घरांत ओल्या गोळ्यांचा आकार पाहावा. तो महिनोमहिने वाढत गेला, तर ती साक्ष वाडग्याइतकीच पक्की.

वजनाचें महत्त्व तर याहूनही मोठें. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ५६९ रुग्ण मांजरांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हां निदानाच्या तीन वर्षें आधींपासून वजन घटत होतें असें दिसून आलें; शेवटच्या एका वर्षांत तें सुमारें नऊ टक्क्यांनीं उतरलें होतें. चार किलोंच्या मांजरांत ही घट साडेतीनशे ग्रॅमची भरते. दाट केसांखालीं ती डोळ्यांस दिसत नाहीं, हातासही लागत नाहीं. माणसानें मांजर कडेवर घेऊन कांट्यावर उभें राहावें आणि आपलें वजन वजा करावें, ही रीत ढोबळ आहे. तान्ह्या मुलांचा कांटा मिळाल्यास उत्तम. महिन्यांतून एकदां वजन घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरावर टिपून ठेवलें, तर डॉक्टरांस दहा प्रश्न विचारावे लागत नाहींत.

ओकाऱ्या, तोंडास दुर्गंधि, फिक्या हिरड्या, अन्न हुंगून निघून जाणें, हीं लक्षणें पुढचीं. तीं दिसेपर्यंत थांबण्यानें काय होतें, तें एका आंकडेवारीवरून समजतें. रक्तांतील क्रिएटिनिनवरून या रोगाचे चार टप्पे पाडले आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धांत रोग ओळखलेलीं मांजरें मध्यमानानें १,१५१ दिवस जगलीं, तिसऱ्या टप्प्यांतलीं ७७८ दिवस, आणि चौथ्या टप्प्यांत आणलेलीं अवघे १०३ दिवस. हा सर्व फरक उपचाराचा नव्हे, रोग कोठें पोंचला होता याचाही आहे. पण कमी फॉस्फरसाचा आहार, भरपूर ओलें अन्न आणि रक्तदाबावरील गोळी यांना कांहीं वाव हवा असेल, तर रोग लवकर ओळखल्यास तो अधिक असतो. रक्तदाब न मोजल्यामुळें कित्येक मांजरें एका रात्रींत आंधळीं होतात, कारण १८० च्या पुढें गेलेल्या दाबानें डोळ्याचा पडदा सुटूं शकतो. आणि दवाखान्यांत भेदरलेल्या मांजराचा दाब उगाच चढतो, तेव्हां त्यास घटकाभर शांत बसूं देऊन मगच मोजावा लागतो.

पर्शियन मांजर पाळणाऱ्यांनीं तर म्हातारपणाची वाट पाहूं नये. या जातींत मूत्रपिंडांत पाण्याच्या गांठी होण्याचा रोग वंशपरंपरेनें येतो. त्यास कारण होणारा जनुकांतला दोष २००४ साली सांपडला, व आतां त्याची तपासणी पिलाच्या वयांतही करतां येते. इतर मांजरांस सातव्या वर्षानंतर वर्षांतून एकदां आणि दहाव्यानंतर दोनदां न्यावें. अडचण येते ती मांजर टोपलींत घालण्याची. टोपली आठवडाभर आधींच उघडी करून नेहमींच्या कोपऱ्यांत ठेवावी व आंत जुनें लुगडें अंथरावें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं वाघाची मावशी बहुधा आपण होऊन तेथें निजलेली सांपडते.