संकेतस्थळामागील माणसे
(सुवर्णमहोत्सवी संमेलनातील भाषण)



मंडळाचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या आम्हा पाचजणांना चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. हे काम संगणक जाणणाऱ्याचे, असे प्रारंभी आम्हीही समजत होतो. सारे एका तरुण अभियंत्यावर सोपवून आम्ही निश्चिंत झालो. त्यांची बदली झाली आणि परवलीचा शब्दही त्यांच्याबरोबर गेला. त्याच वर्षी गणेशोत्सवाचे सभागृह ऐनवेळी बदलले. संकेतस्थळावर मात्र जुनाच पत्ता राहिला. एक वृद्ध दांपत्य बंद दारासमोर तासभर थांबून घरी परतले. दोष त्या अभियंत्याचा नव्हे, आमचा.

लिहिणारे पुष्कळ मिळतात. शिळा मजकूर काढणारा मिळत नाही. आता आमच्यातील एक निवृत्त शिक्षिका दर रविवारी प्रत्येक पान उघडून तारखा आणि पत्ते पडताळतात. त्यांना संगणकाचे विशेष ज्ञान नाही. तरीही त्यांच्या संमतीवाचून काही प्रसिद्ध होत नाही.

मुद्रितशोधनाचे महत्त्व आम्हांस संक्रांतीच्या भोजनाने पटविले. आभार मानावयाचे होते आचाऱ्यांचे. मानले गेले आचार्यांचे! आचारी मंडळी त्या दिवसापासून प्रसन्न आहेत, हा भाग वेगळा.

सर्वांत जिकिरीचे काम जुन्या अंकांचे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. परंतु आमचे कित्येक अंक त्याबाहेरच्या फाँटांत जुळविलेले. तो फाँट नसलेल्या यंत्रावर संपादकीयाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. रूपांतर करणारी आज्ञावली मिळते, पण जोडाक्षरे मध्येच फुटतात. मग छापील अंक हाती घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. तंत्रज्ञ आणि मुद्रितशोधक यांनी एका बाकावर बसल्याखेरीज हे व्हावयाचे नाही.

छायाचित्रांना शब्दांत वर्णन जोडले, तर अंध वाचकास संगणक ते वाचून दाखवितो. तेही आता आम्ही करतो.

स्थळाचे नाव एका वेळी फार तर १० वर्षांसाठी नोंदविता येते. ते आता मंडळाच्या नावे असून नूतनीकरणाची तारीख खजिनदारांच्या वहीत आहे. परवलीचा शब्द दोघांपाशी असतो.

राहता राहिले पत्रोत्तर. बदलीने येणारी कुटुंबे प्रथम येथेच विचारतात: घर कोठे घ्यावे, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, मंगळागौरीला गुरुजी मिळतील काय? त्यांना त्याच दिवशी उत्तर देणाऱ्या आमच्या भगिनी येत्या जूनमध्ये हे शहर सोडीत आहेत. त्यांची जागा भरावयाची आहे. इच्छुकांनी आज भोजनापूर्वी चिटणीसांकडे नाव द्यावे.